हेम्पपासून काढलेले सीबीडी तेल दुकानात ठेवावे का? ‘०.३ टक्के’ या दाव्याला आपल्या कायद्यात आधार आहे का?

आयर्विन_पूल, सांगली

नमस्कार. सांगलीच्या गणपती पेठेजवळ माझे लाकडी घाण्याची तेले, हळद, बेदाणे, गूळ आणि भरडधान्ये यांचे लहानसे दुकान आहे. पंधरा दिवसांपूर्वी एका वितरकाचा प्रतिनिधी येऊन चार वस्तूंचे नमुने ठेवून गेला. पहिली वस्तू हेम्पच्या बियांचे तेल. दुसरी त्याच बियांची पेंड दळून केलेली प्रथिनांची भुकटी. तिसरी तीस मिलिलिटरची, ड्रॉपर असलेली बाटली, जिच्यावर ‘सीबीडी १००० मिलिग्रॅम’ असे ठळक छापले आहे (सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातील, नशा न आणणारे द्रव्य). चौथी जेलीच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या गमींची डबी असून तिच्यावर ‘डेल्टा-८’ एवढेच लिहिले आहे.

प्रतिनिधीचे म्हणणे असे की हेम्प वेगळे आणि गांजा वेगळा. ज्या झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, ०.३ टक्क्यांहून कमी असते ते हेम्प, आणि हेम्पपासून काढलेले काहीही संपूर्ण भारतात विकता येते. पुरावा म्हणून त्याने एका परदेशी प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला आणि त्यातील ‘टीएचसी आढळले नाही’ या ओळीवर बोट ठेवले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, रसायनशास्त्रातले मला कळत नाही. परंतु ज्या वस्तूवर चाळीस टक्के नफा मिळतो आणि जिच्या बिलावर ‘वेलनेस ऑइल’ यापलीकडे वर्णन नसते, ती फळीवर मांडताना हात आखडतो.

दुसरा प्रश्न खटाव तालुक्यातील माझ्या मामेभावाचा आहे. त्याची चार एकर जमीन कोरडवाहू असून, त्याला कोणीतरी हेम्पच्या करारशेतीचे सुचवले आहे: बी आम्ही देऊ, माल आम्ही उचलू. तो म्हणतो की आपल्याकडे ताग पिढ्यान्‌पिढ्या पेरतात, ताग म्हणजेच हेम्प, मग त्यात घाबरण्यासारखे काय आहे? जाणकारांनी दोन्ही बाबतींत मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माणदेशी_मळा, दहिवडी

आपल्या मामेभावांचा गैरसमज आधी दूर करतो, कारण तो शब्दांच्या घोळातून झाला आहे आणि महागात पडू शकतो. आपण हिरवळीच्या खतासाठी जो ताग किंवा बोरू पेरतो आणि फुलावर येताच जमिनीत गाडतो, त्याला इंग्रजीत ‘सन हेम्प’ म्हणतात. पण ते द्विदल कुळातील पीक आहे, त्याची मुळे गाठी धरतात आणि भांगेशी त्याचे काहीही नाते नाही. अंबाडीलाही जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘डेक्कन हेम्प’ म्हटले आहे, ती तर भेंडीच्या कुळातील. दोरखंड वळता येईल असा वाख ज्या झाडातून निघाला, त्याला साहेबाने ‘हेम्प’ हे शेपूट जोडले. म्हणून बी-बियाण्याच्या पिशवीवर नुसते ‘हेम्प’ लिहिले असेल तर शास्त्रीय नाव विचारावे. क्रोटालेरिया असेल तर खुशाल पेरावे. कॅनाबिस असेल तर पिशवी परत करावी आणि मग पुढची चर्चा करावी.

आणखी एक. आमच्या भागात उसाच्या किंवा मक्याच्या आडोशाला गांजाची झाडे सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, तेव्हा सातबारा ज्याच्या नावावर असतो त्याच्यापासूनच चौकशीला सुरुवात होते. माल उचलणारा करारदार त्या दिवशी फोन उचलत नाही.

कोर्टाची_पायरी, सातारा

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. येथे लिहितो ते सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावे. आपल्या प्रकरणाचा सल्ला कागद पाहूनच घेता येतो.

प्रतिनिधीच्या ‘हेम्प वेगळे, गांजा वेगळा’ या वाक्यापासूनच सुरुवात करू. ज्याला आपण बोलताना एनडीपीएस म्हणतो, त्या अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या अधिनियमात कलम २च्या तिसऱ्या खंडात ‘कॅनाबिस’ची व्याख्या आहे आणि त्या शब्दापुढेच कंसात ‘हेम्प’ हा शब्द छापलेला आहे. म्हणजे जो भेद हा माणूस कायद्याच्या नावाने सांगत आहे, तो भेद आपल्या संसदेने केलेलाच नाही. उलट दोन्ही शब्द एकाच वस्तूची नावे म्हणून वापरले आहेत. पुढच्याच खंडात कॅनाबिस वनस्पती म्हणजे त्या वंशातील कोणतीही वनस्पती असे म्हटले आहे. तिच्यात टीएचसी किती, हा प्रश्न व्याख्येत कोठेही येत नाही. पोलिसांनी जप्त केलेल्या मालाचा जो सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) न्यायालयात येतो, त्यात टक्केवारी सहसा नसते, आणि नसली म्हणून फिर्याद पडतही नाही.

मग आपला कायदा काय पाहतो? तो झाडाचा भाग पाहतो आणि त्या भागावर पुढे काय प्रक्रिया झाली ते पाहतो. झाडापासून वेगळा काढलेला राळेसारखा चीक, मग तो कच्चा असो वा शुद्ध केलेला, तो चरस. हशीश तेल म्हणून ओळखला जाणारा त्याचा दाट अर्कही चरसच. फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे म्हणजे गांजा, ‘त्याला कोणतेही नाव दिलेले असो’ अशा पुस्तीसह. बिया आणि पाने या व्याख्येतून वगळली आहेत, पण ती शेंड्यांसोबत नसतील तरच. चरस किंवा गांजा कशात मिसळला, किंवा त्याचे पेय केले, तर ते मिश्रणही कॅनाबिसच. याखेरीज एक खंड फारसा कोणी वाचत नाही: कॅनाबिसचा कोणताही अर्क किंवा टिंक्चर म्हणजे ‘औषधी कॅनाबिस’, आणि तो ‘निर्मित औषधिद्रव्यां’त धरला जातो, ज्याची शिक्षा कलम २१ मध्ये आहे.

आता आपली सीबीडीची बाटली या चौकटीत ठेवून पाहा. सीबीडी हे नाव अधिनियमाच्या अनुसूचीत नाही, हे खरे आहे आणि विक्रेते ह्याच अर्ध्या सत्यावर धंदा करतात. रेणू यादीत नसला तरी तो कशातून काढला, हा प्रश्न उरतोच. शेंड्यांतून काढला असेल, आणि व्यापारी प्रमाणावर तो तेथूनच काढणे परवडते, तर तो गांजाचा अर्क झाला. पानांतून काढला असेल तर बचावाला जागा आहे, कारण पाने गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. परंतु चरसाच्या व्याख्येत ‘शेंड्यांपासून’ असे न म्हणता ‘वनस्पतीपासून’ वेगळा काढलेला चीक असे म्हटले आहे, आणि पानावरचा चीकही वनस्पतीचाच असतो, असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतात. ही खरी संदिग्ध जागा आहे. ज्या कंपन्या ‘पानांचाच अर्क’ असे आग्रहाने छापतात त्या याच कारणाने, आणि ज्या काहीच छापत नाहीत त्यांच्याबद्दल आपण समजून घ्यावे.

वजनाचे गणितही दुकानदाराने डोक्यात ठेवावे. चरसाचे अल्प प्रमाण १०० ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण १ किलोपासून. गांजाचे अनुक्रमे १ किलो आणि २० किलो. बाटलीत खरा अर्क दोन-तीन ग्रॅम आणि बाकी नारळाचे किंवा बियांचे तेल असेल, तर वजन कशाचे धरायचे? एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, आधीचा २००८चा निकाल बाजूला सारून, मिश्रणातील निरुपद्रवी घटकाचे वजनही धरावे असे ठरवले. तीस मिलिलिटरच्या बाटलीत तेल साधारण २८ ग्रॅम भरते. हे तेल चरसाच्या व्याख्येत बसले, तर चार बाटल्यांत अल्प प्रमाण ओलांडले जाते आणि छत्तीस बाटल्यांत, म्हणजे तीन डझनांच्या एका खोक्यात, व्यापारी प्रमाण. त्यानंतर किमान शिक्षा दहा वर्षे आहे आणि जामिनाच्या वाटेवर कलम ३७ उभे आहे.

गमींबद्दल मात्र संदिग्धता नाही. अधिनियमाच्या अनुसूचीत, मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत, टीएचसी आणि त्याचे समघटक (अणू तेच, मांडणी वेगळी असे रेणू) नमूद आहेत आणि डेल्टा-८ त्यांत येतो. त्या पदार्थांपासून केलेली ‘सिद्धद्रव्ये’ही यादीत आहेत, म्हणजे गमी, चॉकलेट, सरबत, काहीही. येथे झाडाचा भाग कोणता हे विचारण्याचीही गरज नाही, आणि टक्केवारीची सवलतही नाही. ती डबी फळीवर ठेवू नये.

शेतीचा प्रश्न. कलम १४ खाली सरकार केवळ वाख किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक प्रयोजनासाठी, किंवा उद्यानविद्येसाठी, या झाडाच्या लागवडीस आदेशाने परवानगी देऊ शकते. उत्तराखंडाने ही वाट वापरली आणि तेथे २०१८ मध्ये पहिला परवाना दिला गेला, ०.३ टक्क्यांची अट आपल्या देशात दिसते ती अशा राज्याच्या परवान्याची अट म्हणून, देशभराची व्याख्या म्हणून नाही. शिवाय कलमाचे शब्द ‘वाख किंवा बी’ एवढेच आहेत. त्या परवान्यावर उगवलेल्या झाडाचा फुलोरा सीबीडीसाठी विकण्याची मुभा त्या शब्दांतून निघत नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याने अर्ज करून असा परवाना मिळवावा, अशी घडी बसलेली नाही. परवान्याशिवाय लागवडीला कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, मग झाडात टीएचसी कितीही कमी असो.

विजयापत्र, मिरज

मी आयुर्वेदाचा पदवीधर असून मिरजेत वैद्यकी करतो. वकीलसाहेबांनी पानांबद्दल जी संदिग्धता सांगितली, तिच्यात आमच्या शास्त्राची बाजू येते, म्हणून लिहितो.

भांगेचे पान आमच्याकडे विजया या नावाने वापरले जाते. भावप्रकाश निघंटूत भंगा, विजया, जया, मातुलानी अशी तिची नावे आहेत, आणि ग्रहणीवर (पचन बिघडून होणाऱ्या आतड्याच्या विकारावर) दिल्या जाणाऱ्या जातीफलादि चूर्णात ती घटक आहे. वापरण्यापूर्वी तिचे शोधन, म्हणजे दोष काढून टाकणारी शुद्धी, करावे लागते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाखालील नियमांत विषारी द्रव्यांची जी ई-१ अनुसूची आहे, तिच्यात (बिया सोडून) भांगेचा समावेश आहे. याचा अर्थ बंदी असा नाही. अशा द्रव्याचे पोटात घ्यायचे औषध परवानाधारक कारखान्यात तयार व्हावे आणि त्याच्यावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना इंग्रजी आणि हिंदीत छापलेली असावी, असा आहे. आज बाजारात कायद्याच्या बाजूने उभी राहू शकणारी जी सीबीडीयुक्त तेले आहेत, ती बहुतेक याच दाराने आलेली आहेत: त्यांच्यावर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक असतो, घटकांत ‘विजया, पत्र’ असा स्पष्ट उल्लेख असतो आणि चिठ्ठीवाचून विक्री केली जात नाही.

दुकानदारांचा येथे एक गैरसमज होतो. आयुर्वेदिक औषध विकायला ॲलोपॅथीप्रमाणे विक्री परवाना लागत नाही, हे खरे. पण त्यामुळे ‘आयुर्वेदिक’ असे लिहिलेली कोणतीही बाटली औषध ठरत नाही. उत्पादन परवाना नसेल तर ते परवान्याविना तयार झालेले औषध आहे. आपल्या बाटलीवर परवाना क्रमांक, पानाचा उल्लेख आणि सावधगिरीची सूचना या तिन्ही गोष्टी आहेत का, एवढे पाहावे. आणि ‘कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांवर गुणकारी’ असे पत्रक सोबत दिले असेल तर ते तर फाडूनच टाका, कारण या रोगांचे नाव घेऊन औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्याखाली गुन्हा आहे. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्य केले आहे, हे मला ठाऊक आहे. ते चाचण्या झालेले, मोजून दिलेले औषध आहे. त्याच्या पुण्याईवर दुसऱ्याने आपली बाटली विकू नये.

परीक्षानळी, कराड

मी विश्लेषक रसायनशास्त्रात काम केले आहे. त्या ०.३ टक्क्यांच्या आकड्याचा उगम सांगतो, कारण तो ऐकल्यावर त्याचे तेज बरेच उतरते. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅनाबिसचे वर्गीकरण करताना, नशेची झाडे आणि वाखाची झाडे यांच्यामध्ये कोठेतरी रेघ ओढायची म्हणून वाळलेल्या पाना-फुलातील ०.३ टक्के टीएचसी ही सीमा धरली. ती वर्गीकरणाच्या सोयीची होती. त्याखाली नशा येत नाही किंवा त्यावर येते, असे तिच्यातून सिद्ध होत नव्हते. पुढे ती कायद्यांनी उचलली. अमेरिकेने २०१८च्या शेतीविषयक कायद्यात ‘वाळलेल्या वजनात डेल्टा-९ टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत’ अशी हेम्पची व्याख्या केली आणि त्या झाडाचे अर्क व कॅनाबिनॉइडेही (टीएचसी, सीबीडी यांसारखी त्या झाडातील द्रव्ये) त्यातच घेतली.

पळवाट निघाली ती ‘डेल्टा-९’ या दोन शब्दांतून. सीबीडी आणि टीएचसी यांचे रेणुसूत्र एकच आहे, फक्त सीबीडीत एक कडे उघडे असते. आम्लासोबत योग्य द्रावकात तापवले की ते कडे मिटते आणि डेल्टा-८ तयार होते. परिस्थिती बदलली तर डेल्टा-९ही. झाडात डेल्टा-८ नावापुरतेच असते, त्यामुळे गमीत भरण्याइतके डेल्टा-८ म्हणजे प्रयोगशाळेत सीबीडीपासून केलेलेच असणार. ‘हेम्पपासून काढलेले’ हा शब्दप्रयोग येथे मळीपासून काढलेल्या दारूला ‘उसाचा रस’ म्हणण्याइतका खरा आहे. अमेरिकेनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये ती व्याख्या आवळली: यापुढे सर्व प्रकारचे टीएचसी मिळून मोजायचे, झाडाबाहेर घडवलेली कॅनाबिनॉइडे हेम्प मानायची नाहीत, आणि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या डबीत एकूण ०.४ मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी असता कामा नये. एक वर्षाची मुदत देऊन हा बदल केला आहे. म्हणजे आपल्या प्रतिनिधीने सांगितलेला नियम ज्या देशाचा आहे, तेथेही तो मावळतो आहे.

अहवालाबद्दल. ‘टीएचसी आढळले नाही’ या ओळीशेजारी किती प्रमाणापासून पुढे मोजता येते ती मर्यादा लिहिलेली असते, ती पाहावी. ताज्या झाडात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात असते आणि तापवल्यावर त्याचे टीएचसी होते. म्हणून प्रामाणिक अहवालात आम्लरूपाचा आकडा ०.८७७ ने गुणून टीएचसीत मिळवलेला असतो आणि त्याला ‘एकूण टीएचसी’ म्हणतात. नुसते ‘टीएचसी’ लिहिले असेल तर आम्लरूप बाजूला ठेवून आकडा छोटा केला असण्याची शक्यता असते. अहवालावरील बॅच क्रमांक आणि बाटलीवरील बॅच क्रमांक जुळतो का, हे मात्र रसायनशास्त्र न येणाऱ्यालाही पाहता येते. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा फसवणूक तेथेच सापडते.

बियांच्या तेलाची भीती बाळगू नये. बीमध्ये कॅनाबिनॉइडे जवळजवळ नसतात. सापडतात ती फुलोऱ्याचा चीक बीच्या टरफलाला लागल्यामुळे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मानके ठरवून दिली. त्यांत एकूण टीएचसी तेलात किलोला १० मिलिग्रॅम आणि बीमध्ये ५ मिलिग्रॅम, तर सीबीडी किलोला ७५ मिलिग्रॅम, अशा मर्यादा आहेत. आता हाच आकडा आपल्या बाटलीला लावा: २८ ग्रॅम तेलात अन्न म्हणून चालेल असे सीबीडी जेमतेम दोन मिलिग्रॅम, आणि बाटलीवर छापले आहे १०००. त्यामुळे ‘हे अन्नपूरक आहे’ असे कोणी म्हणाले तर वाद घालत बसू नये, भागाकार करून दाखवावा.

मेणवली_घाट, वाई

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण सगळेच जण कायद्याची बाजू लावून धरत आहेत असे वाटते. उत्तरेत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनाबिसला सर्वांत कडक अनुसूचीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. १८९४ मध्ये ब्रिटिशांनीच नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने संपूर्ण बंदीची गरज नाही असा अहवाल दिला होता. असे असताना ज्या सीबीडीने नशा येत नाही, त्याच्यासाठी सांगलीच्या दुकानदाराला दहा वर्षांच्या शिक्षेची भीती घालणे कितपत योग्य आहे?

कोर्टाची_पायरी, सातारा

मेणवलीकर, आपण सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि कायदा बदलावा की नाही या चर्चेत मी कदाचित आपल्याच बाजूला बसेन. सीबीडीचे नाव घेऊन, त्याच्या उगमाची अट घालून, स्वच्छ नियम करायला हवा, असे मला वाटते. आज एकच बाटली कारखान्याच्या कागदावर औषध, पोलिसांच्या पंचनाम्यात हशीश तेल आणि विक्रेत्याच्या बिलावर वेलनेस ठरते, हे कोणाच्याच हिताचे नाही. पण विचारणाऱ्याने कायदा कसा असावा हे विचारलेले नाही.

२०२० च्या त्या मतदानाने कॅनाबिस अमली पदार्थांवरील १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या चौथ्या, सर्वांत कडक, अनुसूचीतून निघाले, पहिलीत ते आहेच. आणि आंतरराष्ट्रीय अनुसूची बदलली म्हणून आपला अधिनियम आपोआप बदलत नाही. याची दुसरी बाजूही आहे. डेल्टा-८ वर बंदी आली की विक्रेते एचएचसी नावाच्या पदार्थाकडे वळतात. मार्च २०२५ मध्ये त्याच आयोगाने एचएचसीला १९७१च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचीत घेतले आहे, आणि केंद्र सरकारला कलम ३ खाली एका अधिसूचनेने आपल्या यादीत भर घालता येते. आज फळीवर असलेली वस्तू कोणत्या दिवशी यादीत जाईल, याची वाट दुकानदाराने का पाहावी?

भांगेबद्दलही एक सांगतो. पान केंद्रीय कायद्याच्या गांजात येत नाही, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये जामीन देताना हेच कारण दिले होते. गुजरातनेही २०१७ मध्ये आपल्या दारूबंदी कायद्यातून भांग वगळली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याविना भांग बाळगणे हा त्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. बनारसचा दाखला साताऱ्याच्या न्यायालयात उपयोगी पडत नाही.

आयर्विन_पूल, सांगली

सर्वांचा मनापासून आभारी आहे. वैद्यबुवांनी सांगितल्याप्रमाणे बाटली पुन्हा नीट पाहिली. उत्पादन परवाना क्रमांक नाही, झाडाचा भाग लिहिलेला नाही, बॅच क्रमांक अहवालाशी जुळत नाही. बियांच्या तेलावर आणि भुकटीवर अन्न परवान्याचा क्रमांक आहे. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला, चालू आहे.

प्रतिनिधीला फोन केला तेव्हा तो म्हणाला की ‘काही झाले तर सर्व जबाबदारी आमची’ असे शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून देतो. असा कागद चालतो का? आणि नको असलेले नमुने त्याला कुरियरने परत पाठवू का?

कोर्टाची_पायरी, सातारा

मुद्रांकाचा कागद दिवाणी नुकसानभरपाईसाठी कदाचित उपयोगी पडेल. फौजदारी जबाबदारी अशी दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही. उलट, जोखमीची वस्तू आहे हे आपल्याला ठाऊक होते, याचा तो लेखी पुरावा होईल. या अधिनियमात कलम ३५ खाली आरोपीची जाणीव गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे संशयातीतपणे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवर असते.

कुरियर करू नका. कलम ८ मध्ये विक्रीइतकीच वाहतुकीलाही मनाई आहे, आणि पाठवणारा म्हणून त्या पाकिटावर आपले नाव असेल. प्रतिनिधीला दुकानात बोलावून देऊही नका, नाल्यात ओतूही नका. गमींची डबी आज आपल्या ताब्यात आहे ही वस्तुस्थिती आहे आणि ती कशी आली हे सांगणारे आपले म्हणणे आजच सर्वांत स्वच्छ आहे. प्रतिनिधीचे कार्ड, त्याचे संदेश, आणि नमुने ठेवून गेल्याची तारीख दाखवणारे काही असेल तर ते घेऊन आपल्या वकिलांकडे जा आणि वस्तू अधिकाऱ्यांच्या स्वाधीन कशा करायच्या ते त्यांच्यामार्फत लेखी ठरवा. या विषयावर येथे यापुढे काही लिहू नका.

आयर्विन_पूल, सांगली

समजले. उद्या सकाळी अकराची वेळ घेतली आहे. मामेभावाने यंदा बोरू पेरायचे ठरवले आहे. पिशवीवरचे शास्त्रीय नाव त्याने मला फोनवर दोनदा वाचून दाखवले.